अंड्यांची रांग

माझ्या गाडीपुढे माणसं कमी आणि अंडी जास्त उभी असतात. सकाळी सहाला मी तवा तापवते, तेव्हाच फळीवर आठ-दहा अंडी ओळीने मांडलेली असतात. मालक कुणी भाजीला गेलेला, कुणी नदीकाठी फिरायला. अंडं ठेवलं की नंबर लागला. अंडं तुमचं, मुगाचं पीठ आणि तवा माझा. आमच्या तियानजिन शहरात धिरडं असंच खातात, आणि ज्याला हे माहीत नाही तो बाहेरगावचा.

मो तर फारच बाहेरगावची, टांझानियाची. तिचं खरं नाव म्वानाइदी, पण आमच्या गल्लीत एवढं मोठं नाव घ्यायला कुणाला सवड आहे? समोरच्या चिनी वैद्यकाच्या महाविद्यालयात ती नाडी बघायला आणि सुया टोचायला शिकायला आली होती. पहिल्या दिवशी गाडीपुढे ही एकटीच उभी आणि हिच्यापुढे नऊ अंडी. तिला वाटलं, ती माझीच. मला मदत म्हणून तिने सगळी गोळा केली आणि माझ्या टोपलीत नीट रचून ठेवली. नऊ जणांचे नंबर एका झटक्यात गेले.

लोक परत आले तेव्हा जो गोंधळ उडाला तो विचारू नका. ओळखू आलं ते एकच अंडं, हाओ आजोबांचं. चौऱ्याहत्तर वर्षांचे हाओ आजोबा, घड्याळांच्या कारखान्यात जन्म गेलेला. अंड्यावर ते पेन्सिलीने घड्याळाची तबकडी काढतात आणि ठेवतानाची नेमकी वेळ काट्यांनी दाखवतात. त्यांनी आपलं अंडं उचलून पहिल्या नंबरावर ठेवलं आणि मान लववून म्हणाले, "ताई, एवढी गर्दी हटवायला पोलिसांना अर्धा दिवस लागला असता."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने आपल्याला ताई म्हणावं याचाच पोरीला धक्का बसला. आमच्याकडे तीन वर्षांची असो की नव्वदची, बाईमाणूस म्हणजे ताई. मी शिंग ताई आणि ती मो ताई. पण त्या दिवसापासून तिचा अंड्यांवरचा विश्वास उडाला. थंडी असो, वारा असो, ती रांगेत स्वतःच उभी राहायची.

गेल्या वसंतात ती परीक्षेत नापास झाली. पुस्तकातलं तिला सगळं तोंडपाठ, पण परीक्षेत समोर खरा पेशंट बसवतात आणि त्याला बोलतं करून त्याचं दुखणं शोधावं लागतं. तिच्या वाट्याला आला आमच्या गावचा एक म्हातारा. कुठे दुखतंय विचारलं तर म्हणाला, सुनेच्या जिभेपाशी. हिने ते इमानदारीत कागदावर लिहून घेतलं. महिन्याभराने फेरपरीक्षा होती, आणि आता पुन्हा नापास झाली तर चार वर्षांवर पाणी सोडून घरी परतायचं. हे सांगताना तिच्या हातातलं धिरडं गार होत होतं आणि डोळे भरून आले होते. मला तिची दया आली आणि आमच्या लोकांचा रागही आला. सरळ उत्तर द्यायला आमचं काय जातं?

मी उलथनं तव्यावर आपटलं आणि रांगेला सांगून टाकलं, की उद्यापासून अंडी इथे उभी राहतील आणि तुम्ही त्या बाकावर बसून हिच्या हातात हात द्यायचा.

महिनाभर नुसती धमाल. रोज सकाळी बाकावर दवाखाना भरायचा. मो तीन बोटं मनगटावर ठेवून प्रश्न विचारायची आणि आमची मंडळी तिला बनवायची. रांगेतल्या प्येन आजीने एका आठवड्यात सात आजार सांगितले, त्यातला एक बोकडाचा होता. पण पोरगी भलती हुशार निघाली. हळूहळू तिला कळायला लागलं, की माणूस चेष्टा करतो तेव्हा कशावरून बोलणं वळवतो, आणि ज्यावरून वळवतो तेच दुखत असतं. उलट बोलायलाही शिकली. आमचाच हेल काढून ती प्येन आजीला म्हणाली, बोकडाला उद्या घेऊन या, तो तरी खरं सांगेल. बाकावर जो हशा उठला त्यात माझं एक धिरडं करपलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने हाओ आजोबांचं मनगट धरलं आणि ते सोडेचना. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मधेच एक ठोका चुकतोय. आज मोठ्या दवाखान्यात जा."

"ताई, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी," आजोबा हसत म्हणाले. "बंद पडायच्या आधी मला सांगून बंद पडतात."

सगळे हसले. मीही हसले, लपवून काय करू? ती तेवढी हसली नाही.

परीक्षा नऊला होती. साडेसातला ती आली, पिशवीत पांढरा कोट, आणि गेल्या वेळी नापास झालेल्या पोरीचा चेहरा. मी म्हटलं, आज तुला रांग माफ. ती नको म्हणाली आणि शेवटी जाऊन उभी राहिली. वीसेक मिनिटांनी हाओ आजोबांच्या अंड्याचा नंबर आला, पण आजोबांचा पत्ता नव्हता. मी अंडं बाजूला सरकवलं. कुणीतरी म्हणालं, स्टेशनच्या घड्याळाला चावी द्यायला गेले असतील. मो पुढे आली आणि तिने अंडं उचलून बघितलं. काटे सहा चाळीसवर होते.

"नदीवर किती वेळ फिरतात ते?"

मी म्हटलं, अर्धा तास. कधी मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

तिने पिशवी टाकली आणि धावत सुटली. मी गॅस बंद केला. पंधरा वर्षांत भरल्या रांगेपुढे मी शेगडी पहिल्यांदा विझवली. माझ्यामागे प्येन आजी, तिच्यामागे रांगेतले आणखी पाच जण, आणि प्रत्येकाने आपापलं अंडं हातात घेतलेलं, कारण नंबर कोण सोडणार?

घाटाच्या तिसऱ्या पायरीवर आजोबा कठड्याला टेकून बसले होते. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम. मो गुडघ्यांवर बसली आणि तिने मनगट धरलं.

"काय ताई," ते कसेबसे म्हणाले, "परीक्षा आज इथे ठेवलीय का?"

"आजोबा, चेष्टा उद्या." आवाज चढला नाही, पण हेल अस्सल आमचा. "छातीत दुखतंय? डाव्या हातात उतरतंय? फक्त हो नाहीतर नाही."

"हो," आजोबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हो."

रुग्णवाहिकेला फोन करून तिने जागा, वय, दुखणं, कधीपासून, सगळं एका दमात सांगितलं. एकदाही अडखळली नाही. आजोबांची मुलगी दूर दक्षिणेत, जवळचं कुणी नाही. मी म्हटलं, मी जाते, तू परीक्षेला पळ. तर ती म्हणाली, डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल, ताई? आणि रुग्णवाहिकेत चढलीसुद्धा. हृदयात नळी घालून आजोबांना बाहेर आणलं तेव्हा साडेअकरा वाजले होते.

दुपारी आम्ही सातजण तिला घेऊन महाविद्यालयात घुसलो. कारकून म्हणाला, परीक्षा संपली. आम्ही भांडलो नाही. आम्ही त्याच्या टेबलाभोवती बसलो आणि बोलत राहिलो. अर्ध्या तासात तो हसायला लागला आणि पाऊण तासात त्याने परीक्षक वेई बाईंना बोलावून आणलं. बाई कडक. दवाखान्याचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "वेळ देईन, पण पेशंट सगळे घरी गेले. ही तपासणार कुणाला?"

सहा हात एकदम पुढे आले.

बाईंनी मोला विचारलं, यांतल्या कुणाचा हात तू कधीच पाहिला नाहीस? मोने माझ्याकडे बोट केलं. खरंच होतं ते. महिनाभर सगळ्यांनी हात दिला, माझा हात कधी उलथन्यातून सुटलाच नाही.

मी खुर्चीवर बसले. तिची बोटं थंडगार होती. कुठे दुखतं, तिने विचारलं. माझी जीभ वळवळली. तियानजिनच्या बाईला असा प्रश्न विचारला की दहा उत्तरं तयार असतात, आणि माझं एकेक उत्तर असं होतं की वेई बाईसुद्धा हसल्या असत्या. पण पोरीची चार वर्षं माझ्या मनगटावर टेकली होती. मी म्हटलं, "उजवा खांदा. आणि झोप लागत नाही."

"झोप कधीपासून नाही?"

"नवरा गेल्यापासून. सहा वर्षं झाली."

हे मी गल्लीत कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मागे प्येन आजीने नाक ओढल्याचा आवाज आला. मो विचारत गेली आणि मी सांगत गेले. सुया कुठे टोचायच्या ते तिने लिहिलं, आणि वेई बाईंनी कागद वाचून खाली सही केली. पास झाल्याचं कळलं तेव्हा त्या पोरीने मला उचललंच, आणि मी काही हलकी बाई नाही.

वीस दिवसांनी सकाळी फळीवर पेन्सिलीचं घड्याळ पुन्हा दिसलं. सहा चाळीस. शेजारी आणखी एक अंडं होतं, त्याचे काटे बरोबर नऊवर. हाओ आजोबा जरा वाळले होते. "ते दुसरं मो ताईचं," ते म्हणाले. "तिचे नऊ माझ्यामुळे हुकले. परत करतोय."

मग बाकावर बसून त्यांनी स्वतःहून मनगट पुढे केलं आणि ती बघत होती तोवर पूर्ण एक मिनिट ते गप्प राहिले. एवढा वेळ गप्प बसलेले हाओ आजोबा मी तरी कधी पाहिले नव्हते.

रांगेत तिच्या नावाचं ते पहिलंच अंडं. ती मला ते फोडू देईना, घरी घेऊन जाते म्हणाली. मी तिला दटावलं, अंडं खायला असतं, आणि तिचा नंबर आल्यावर तव्यावर फोडलं.