चार पडेपर्यंत

सुलोचनाच्या ट्रंकेत भरतकामाचे सहा तुकडे अर्धवट पडून होते, आणि सहाही एकाच जागी अडकलेले. मोर होता, मागची बाग नव्हती. होडी होती, समुद्र नव्हता. हंसांची जोडी ऐटीत मान वळवून होती, पण तळ्याचा पत्ता नाही. बिचारे मॅटीच्या कोऱ्या कापडावरच बसलेले. रंगीबेरंगी काम असेतो बाईचा हात झरझर चाले. नुसत्या निळ्या फुल्यांच्या ओळी भरायची वेळ आली, की नवं चित्र सुरू. पंधरा वर्षं हेच.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती राजेंद्र नगरात मोठ्या जाऊबाईंकडे, यशोधरावहिनींकडे गेली, तेव्हा त्यांनी वीसेक बायकांदेखत विषय काढला. त्यांच्या मुलाने, आशिषने पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन टाकली होती. थेट परदेशातून आलेली. परवान्यांची कटकट उठल्यापासून आता तसं मागवता येत होतं.

"सुलोचना, ते तुकडे देऊन टाक बाई. आशिष मशीनवर पुरे करेल, शोरूममध्ये लावेल. पंढरीभावजींची मिल बंद, तुझी सुई बंद. तुमच्या घरात काही पुरं व्हायचं नाही."

बायका हसल्या. सुलोचनाने आंबेडाळीची वाटी खाली ठेवली.

"दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पुरे करते. जो राहील तो न्या."

बोलून बसली, आणि परतताना टेम्पोत तिला घाम फुटला. स्वतःला ती चांगली ओळखून होती.

नवरा पंढरीनाथ मिलच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम होता. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी तो पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघे. बंद फाटकापुढे त्याच्यासारखे दहाबारा जण लूडो खेळत बसत. तिने त्याला तिथला एक फासा आणायला सांगितला. "कायको?" त्याने विचारलं. माझा मला भरोसा नाही म्हणून, असं ती म्हणाली.

तुकड्यांना तिने एक ते सहा आकडे दिले. रोज दुपारी दोनला फासा दोनदा टाकायचा. पहिला आकडा तुकडा सांगेल, दुसरा किती ओळी भरायच्या ते. पुऱ्या झालेल्या तुकड्याचा आकडा पडला तर सुट्टी. फासा टाकायचं काम पंढरीनाथकडे, म्हणजे हिला लबाडी करायला वाव नको. तो आधी उपकार केल्यासारखा टाकी. पण पंधरवड्यात फाटकावरून दोनच्या ठोक्याला घरी यायला लागला, आणि तिच्या टाक्यांकडे जॉबरच्या नजरेने बघून, इथे एक धागा सुटला, तिथे दोरा ढिला, असं काढायला लागला. खात्यात मी तुमच्या हाताखाली नाही, असं तिने सुनावलं. पण सुटलेला धागा मात्र उसवून नीट केला.

श्रावणात बाग भरली. भाद्रपदात समुद्र. दसऱ्याला पाच तुकडे पुरे होते, उरला चौथा, हंसांचा. आणि तेव्हा कुठे नियमातली गोम कळली. पाच आकड्यांना सुट्टी, एकालाच काम. आठ-आठ दिवस चार पडेना. तळं अर्ध्यावर थांबलं.

पाडव्याला चार दिवस असताना पंढरीनाथने फासा टाकला, खाटेच्या पायाशी वाकला, आणि "चार" म्हणाला. सुलोचनाने त्याचं बोट फाशावरून अलगद उचललं.

"दोन होता ना?"

"नियमच चुकीचा आहे तुझा. बदल ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय. फासा सांगतो म्हणून मी समुद्र भरला हो. उद्यापासून मीच सांगायला लागले, तर पुन्हा मोराची पिसं भरत बसेन."

त्या दिवशी सुट्टी झाली.

पाडव्याला यशोधरावहिनी आशिषच्या मारुतीतून आल्या. पाच चित्रं भिंतीवर पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला, मग हंस दिसले आणि पुन्हा वर आला. आशिष अदबीने म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. चार घंट्यात निघेल." त्याने हात पुढे केला.

सुलोचनाने मॅटीची घडी घालून मांडीवर ठेवली.

"नाही देत."

"अगं, शब्द दिला होतास," यशोधरावहिनी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

"दिला होता. मोडते. फाशाशी सात महिने खोटं बोलले नाही, वहिनी. तुमच्याशी बोलले, ते तोंडावर सांगते. हे तळं माझ्या हाताने भरेल. दहा वर्षं लागली तर दहा."

यशोधरावहिनींनी दिराकडे पाहिलं; घरातला पुरुष काही समजावेल म्हणून. पंढरीनाथने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते. तो खाली बसला आणि सगळ्यांच्या मधोमध फासा टाकला.

आशिषही वाकून बघायला लागला.

"पाच," पंढरीनाथ म्हणाला.

"म्हणजे सुट्टी," सुलोचना म्हणाली, आणि जाऊबाईंसाठी पोहे भिजवायला उठली.