पळसडोहची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. वर्गातला नव्हे हं! नाशिकच्या एका कॉलेजच्या फाटकाशी उभा राहणारा. सुताराने मला सागाची चौकट बसवली, तेव्हा मी कसला ऐटीत होतो म्हणून सांगू!

दर जुलैत नव्या मुलांच्या स्वागताचं काम खैरनार सरांकडे असे. सर मराठीचे प्राध्यापक. हारतुऱ्यांचा त्यांना भारी कंटाळा. मुलांच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन ते माझ्यापाशी उभे राहत. वर 'सुस्वागतम्' आणि खाली मुलांची गावं लिहीत. सिन्नर, पेठ, सटाणा, कितीतरी. बावरलेली मुलं आपलं गाव शोधत, त्यावर बोट ठेवत आणि मगच आत जात. त्या बोटांच्या मला गुदगुल्या होत.

१९९४ साली मात्र घोळ झाला. सुवर्णा नावाच्या मुलीने मला तीनदा वाचलं आणि पिशवी उचलून ती परत निघाली.

"काय गं, कुठे निघालीस?" सरांनी हटकलं.

"माझं गाव नाय याच्यात. बोरवस्ती, नांदगावकडची."

सरांनी अर्ज काढला, तर पत्ता नाशिकातल्याच अंबडचा!

"मामाचा पत्ता हाय तो. मामा म्हनला, वस्तीचं नाव टाकलं तर पोरी हसतील."

"कोण हसतंय बघतोच मी!"

पण माझ्यावर बोटभर जागा उरली नव्हती. सरांनी सरळ 'सुस्वागतम्' पुसलं आणि तिथे 'बोरवस्ती' लिहिलं. पोरगी खुदकन हसली.

"सर, तुमचं गाव कुठं हाय?"

"पळसडोह? ते धरणात गेलं गं. तिथून आता कोण येणार शिकायला?"

सरांनी खडू खिशात टाकला. इतकी वर्षं त्यांचा हात माझ्यावर फिरत होता, पण हे मला ठाऊकच नव्हतं. फार वाईट वाटलं हो.

२००१ साली सर निवृत्त झाले. मग फाटकावर रंगीत फ्लेक्स आला आणि माझी रवानगी सायकल स्टँडच्या मागे झाली. माझ्यावर लोक ओले रेनकोट वाळत घालत! जुलै आला की मला सरांच्या खडूची अशी काही आठवण येई, की जीव नुसता कासावीस होई.

अशी सात वर्षं गेली. एका सकाळी आवाज आला, "गेणूभाऊ, जरा हात लावा!" शिपाई गेणूभाऊंनी मला बाहेर ओढलं. समोर सुवर्णा! ती आता इथेच प्राध्यापक झाली होती. तिने मला घासलं, काळा रंग दिला, गावं लिहिली. वरची जागा मात्र कोरी ठेवली.

निवृत्तीनंतर सर सिन्नरला राहत; तिच्या निरोपावरून दुपारी ते जीपने आले. हातात काठी. सुवर्णाने त्यांच्यादेखत वर लिहिलं, 'पळसडोह'.

सरांनी बोट त्या नावावर ठेवलं. मग डोळे पुसत म्हणाले, "चला, आता आत जातो."

सर आता नाहीत. मला अजून त्या बोटाची वाट पाहायची खोड आहे. मित्रांनो, दर जुलैत मला खुशाल पुसा, तुमची गावं लिहा. वरची ओळ तेवढी राहू द्या. चुकून पुसली गेलीच, तर खडू घ्या आणि पुन्हा लिहा, पळसडोह.