शून्य तक्रारींचा इलाखा

मूर्तिजापूर आणि आसपासच्या आठ गावांतलं फायबरचं इंटरनेट धर्मपाल वानखडे सांभाळत असे. वय बावन्न. आधीची वीस वर्षं टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडण्यात गेलेली. तार बिघडायची वाट बघत बसणं त्याला जमतच नसे. उन्हाळ्यात तो खांबांवरचा एकेक डबा उघडून मुंग्या झाडायचा, जोड पुसायचा, कापसाच्या ट्रॅक्टरला अडकेल अशी लोंबती केबल वर ओढून बांधायचा. त्याचा नंबर फार कुणाकडे नव्हता. गरजच पडत नव्हती.

यंदा कंपनीनं सेवेचा दर्जा सुधारायचं मनावर घेतलं. अमरावतीच्या कार्यालयात पुण्याहून अंकुर नावाचे तरुण व्यवस्थापक आले. त्यांनी मोबाइलवर एक तक्ता सुरू केला. कोणत्या इलाख्याच्या माणसानं किती तक्रारी मिटवल्या आणि किती मिनिटांत, हे त्यात दिसायचं. पहिल्या महिन्यात पातूरचा नितेश एकतीस जणांत पहिला आला. दोनशे चौदा तक्रारी, सरासरी अठरा मिनिटं. धर्मपाल एकतिसावा. त्याच्या रकान्यात शून्य होतं.

साहेबांनी त्याला बोलावून आस्थेनं विचारलं की काम का होत नाही.

"काम तं करून राहिलो, साहेब. नेट चालू हाये, म्हून तक्रार नाही."

साहेबांना उत्तर जरा उद्धट वाटलं. तक्रार येत नाही म्हणजे ग्राहकाचा कंपनीशी संवादच नाही, असं त्यांनी समजावलं. मग मूर्तिजापूरला अकोल्याहून बदली माणूस देऊन धर्मपालला महिनाभर नितेशच्या हाताखाली शिकायला पाठवलं.

नितेश मनानं चांगला होता. काकांना मोटारसायकलवर मागं बसवून त्यानं सगळं दाखवलं. ग्राहकाच्या घरी जायचं, राउटर बंद करून चालू करायचं, दिवा हिरवा झाला की तक्रार मिटवायची आणि तिथंच उभ्या-उभ्या पाच तारे मागून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तेच घर, तेच पाच तारे. काही घरांत तर त्याच्या यायच्या वेळेला चहा ठेवलेला असे.

तिसऱ्या दिवशी धर्मपालनं विचारलं, ही सगळी घरं कोणत्या डब्यावर आहेत? नितेशनं कधी पाहिलं नव्हतं. धावपळीत वेळच मिळत नव्हता. बाळापूर रस्त्याच्या एका खांबावर तो डबा सापडला. झाकण तडकलेलं, आत माती आणि मुंग्या, आणि केबल अशी मुडपलेली की धर्मपालला बघवेना. जोडणीचं मशीन लावून त्यानं दोन दिवसांत बावीस जोड नव्यानं केले. नितेश उन्हात त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला.

त्यानंतर पातूरच्या तक्रारी थांबल्या. नितेशला वाटलं, आपला मोबाइलच बिघडला. त्यानं तो दोनदा बंद करून चालू केला.

इकडे मूर्तिजापुरात कडब्याच्या ट्रकनं मुख्य केबल ओढली. बदली माणसानं ती कशीबशी जोडली आणि मग घरोघर राउटर बंद-चालू करत सुटला. मिटवलेल्या तक्रारी दोनशे तीसवर गेल्या. इलाखा धर्मपालच्या नावावर असल्यानं महिनाअखेर तोच पहिला आला.

अमरावतीच्या कार्यक्रमात साहेबांनी एका महिन्याच्या प्रशिक्षणानं माणूस कसा बदलतो ते सांगितलं आणि धर्मपालच्या खांद्यावर शाल घालून हातात चषक दिला. त्याला दोन शब्द बोलायला लावले.

"साहेब, मी तं तिथं नवतोच," धर्मपाल म्हणाला.

लोकांना तो विनय वाटला. बराच वेळ टाळ्या वाजल्या.

घरी बायको ललिता अंगणवाडीची माहिती मोबाइलवर भरायला धडपडत होती. तिनं शाल पाहिली, चषक पाहिला.

"आपल्या घरचं नेट बारा दिवसांपासून बंद हाये. त्याचंच बक्षीस का हे?"

चषक कुठं ठेवावा ते धर्मपालला सुचेना, शेवटी त्यानं तो पिशवीतच राहू दिला. सकाळी उजाडताच तो शिडी घेऊन बाहेर पडला.

चार दिवसांनी नितेश दारात उभा. त्याच्या पातुरात पहिल्या पाच दिवसांनंतर एकही तक्रार नव्हती, म्हणून तो एकतिसावा आला होता, आणि शेवटच्यानं पहिल्याकडे शिकायला जायचं असा साहेबांचा नियम होता. धर्मपालनं त्याला सरळ खांबाखाली नेऊन मशीनपुढं बसवलं. नितेशचा पहिला जोड वाया गेला, दुसराही. धर्मपालनं दोन्ही कापून टाकले आणि केबलमधली काचेची बारीक तार पुन्हा पुसायला सांगितली. तिसरा जमला. जोड किती चांगला ते सांगणारा मशीनवरचा आकडा नितेश बराच वेळ पाहत राहिला.

"काका, साहेबाले काय सांगू?"

"सांग, शिकून राहिलो म्हून."

पुढच्या महिन्यात दोघांच्याही रकान्यांत शून्य होतं. तिसावा कोण आणि एकतिसावा कोण, हे ठरवायला साहेबांना नावं अकारविल्हे लावावी लागली.