फौजदाराचे पाहुणे

भवानी पेठेतल्या कमलम्माच्या कुत्र्याचं नाव फौजदार होतं आणि तो कुकरच्या शिट्टीला भीत असे. नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलं होतं, पिल्लू ओंजळीत मावत होतं तेव्हा, मोठ्या आशेनं. पुढे नवरा गेला, मुलगा नोकरीला परगावी गेला, आणि घरात उरली कमलम्मा, तिची विकायच्या कडक भाकऱ्यांची चूल आणि हा फौजदार.

नुसता भित्रा असता तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण भित्रा माणूस जसा आधी आवाज चढवून घेतो, तसा हा आधी चावून घ्यायचा. शेळी दिसली की त्याची पाचावर धारण बसायची, शेपटी पोटाखाली जायची, अंग लटलट कापायचं आणि तशा कापऱ्या अवस्थेत तो जाऊन शेळीच्या तंगडीला धरायचा. मांजर, कोंबडी, वासरू, सगळ्यांना त्यानं अशीच भीतीपोटी इजा केली होती.

गल्लीच्या तोंडाशी शिवयोगी राहायचा. टॉवेलचा व्यापार, अंगणात एक लाडकी शेळी, आणि गल्लीतला कुठलाही तंटा आपण मिटवायचा असा त्याचा जन्मजात समज. फौजदारानं त्याची शेळी धरली तेव्हा तो चार माणसं घेऊन आला आणि निकाल देऊन गेला. आणखी एका जनावराला दात लागला की फौजदाराची रवानगी वैरागला, कमलम्माचा भाऊ मल्लेश याच्या शेतावर.

मल्लेशच्या शेतावर वासराएवढे कुत्रे होते. तिथं फौजदार पहिल्याच रात्री भीतीनं मेला असता. आणि तो गेला तर संध्याकाळी दाराला कडी लावल्यावर कमलम्मा बोलणार कोणाशी? भिंतीशी बोलायला तिचं वय झालं होतं, पण मन तयार नव्हतं.

तिनं त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. भुवनेश्वरी नावाची ती तरुण मुलगी त्याला बघून म्हणाली की हा रागीट नाही, घाबरट आहे. याला मारायचं नाही, ओरडायचं नाही. साखळी हातात धरून लांबून दुसरं जनावर दाखवायचं, आणि हा गप्प राहिला की लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. जनावर म्हणजे खाऊ, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की भीती जाईल. मग हळूहळू अंतर कमी करायचं. साधी गोष्ट होती, आणि अगदी बरोबर होती.

खाऊ म्हणजे कमलम्माच्या घरी दुसरं काय असणार. लांबवर शेळी दिसली की ती पिशवीतली कडक भाकरी काढायची, कडाक् करून मोडायची आणि तुकडा फौजदाराच्या तोंडात. फौजदार कापायचा, पण खायचा. काही दिवसांनी कापणं कमी झालं, खाणं वाढलं. शेळी हाताच्या अंतरावर आली तरी तो तिच्याकडे न बघता पिशवीकडे बघू लागला. कमलम्माला आनंदानं रडू आलं आणि तिनं साखळी काढली. ही तिची पहिली चूक.

दुसरी चूक तिला चूक वाटणंच शक्य नव्हतं. कुत्र्याला भाकरी द्यायची आणि समोर उभ्या शेळीनं नुसतं बघत राहायचं? तिच्या माहेरी, सासरी, दोन्हीकडे दासोहाची रीत. दारात आलेला जीव उपाशी परत जायचा नाही. तेव्हा अर्धा तुकडा फौजदाराला आणि अर्धा शेळीला, असा तिचा सरळ हिशेब सुरू झाला.

फौजदार भित्रा होता, मठ्ठ नव्हता. जनावर आलं की भाकरी मिळते, तर मग ते येण्याची वाट कशाला बघायची? एका सकाळी कमलम्मानं दार उघडलं तर फौजदार पायरीवर ऐटीत बसलेला, आणि शेजारी शिवयोगीची शेळी. तिनं कपाळावर हात मारला आणि भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन शेळ्या आणल्या. मग गाढव आलं, एक म्हैस आली, आणि लग्नाला भाड्यानं जाणारी पांढरी घोडीही खुंट्यावरून सुटून येऊन नाश्ता करून जाऊ लागली. तो कोणाला ओढत नव्हता की चावत नव्हता. जाऊन पुढ्यात उभा राहायचा, एकदा भुंकायचा आणि मागे न बघता घराकडे चालू लागायचा, अन् ती जनावरं निमूट त्याच्यामागे यायची.

गल्लीत बोभाटा झाला की कमलम्मा जनावरं वळवते. ती शपथेवर सांगायची की आपण काहीच करत नाही, ती आपणहून येतात. साफ खोटं होतं, पण सांगणार काय? डॉक्टरीणबाई आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या की भाकरी एकदम बंद करू नका, तो पुन्हा बिथरेल, थोडे दिवस बांधून ठेवा. बांधला तर तो इतकं रडायचा की काय झालं ते बघायला शेळ्या आपल्या आपण जमायच्या.

शेवटी शिवयोगी वैतागला. चावरं कुत्रं परवडलं, म्हणाला, निदान धार काढायला शेळी जागेवर सापडत होती. त्याच्या मुलाचं, सोमशेखरचं, रविवारी लग्न होतं. मल्लेश टेम्पो घेऊन लग्नाला येणारच होता, तर जाताना कुत्रं घेऊन जाऊ दे. गल्लीनं माना डोलावल्या. कमलम्मानं रात्रभर फौजदाराच्या पाठीवर हात फिरवला.

रविवारी बँड वाजू लागला. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला, तिथून कार्यालयात अक्षता. फटाक्यांची माळ लागली तशी फौजदारानं गळ्यातला पट्टा मुंडी मागे ओढून काढला आणि धूम ठोकली. कमलम्मानं आधी खाटेखाली बघितलं, मग मोरीत, मग कोठीमागे. तो कुठंच नव्हता.

तेवढ्यात बँड मधेच बंद पडला. ती दारात आली.

गल्लीतून फौजदार येत होता. शेपटी पोटाखाली, चारी पाय लटपटत होते. मागे एक फटाका फुटला की मटकन खाली बसायचा, पुन्हा उठायचा, पुन्हा चालायचा. त्याच्यामागे पांढरी घोडी. घोडीवर बाशिंग सांभाळत, आयाळ धरून बसलेला सोमशेखर. लगाम ओढून ओढून दमलेला घोडीवाला, त्याच्यामागे बँडवाले, वऱ्हाड, आणि सुटलेला फेटा काखेत मारून धावणारा शिवयोगी.

घोडी दारात येऊन थांबली आणि तिनं पुढचा एक पाय पायरीवर ठेवला. फौजदार बसला आणि कमलम्माच्या तोंडाकडे बघू लागला.

शिवयोगी धापा टाकत म्हणाला, “अक्का, भाकरी दिऊ नगा. दिली तर तुमीच शिकवलं म्हणून समद्यांसमोर कबूल केल्यागत हुईल. मग मला बोल लावू नगा.”

कमलम्माला ते कळत होतं. पण कुकरच्या शिट्टीला भिणारा तिचा फौजदार आज फटाक्यांतून चालत आला होता. आता याला हात रिकामा दाखवला तर तो पुन्हा कशावर भरवसा ठेवणार?

“व्हय अण्णा, मीच शिकवलं,” ती म्हणाली. “दारात आलेल्याला उपाशी कसं धाडू?”

आणि तिनं भाकरी मोडली. अर्धी फौजदाराला, अर्धी घोडीला. गल्लीत त्या दोघांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

वरून नवरदेवाचा बारीक आवाज आला. “काकू, मला बी एक. सकाळधरनं अक्षतेचा उपास हाय.”

तिनं त्याला दिली, वर शेंगदाण्याची चटणी घालून. मग क्लॅरिनेटवाल्यानं हात पुढे केला. ढोलवाल्यानं केला. वऱ्हाडातली पोरं आली. विकायची टोपली रिकामी होत आली तेव्हा समोर शिवयोगी उभा होता, तोही उपाशीच. तिनं त्याच्या हातावरही भाकरी ठेवली. तो खाऊ लागला.

इतक्यात हॉर्न वाजवत मल्लेशचा टेम्पो आला. कुत्रं कुठं आहे, त्यानं विचारलं. शिवयोगीनं घड्याळ बघितलं. अक्षतेची वेळ टळत आली होती आणि घोडी पायरीवरचा पाय काढायला तयार नव्हती.

“टेम्पो मोकळाच हाय न्हवं?” तो तोंडातला घास गिळत म्हणाला. “मग त्यात नवरदेव घाल. कुत्रं हितंच ऱ्हातंय.”

सोमशेखरला बाशिंगासकट उचलून टेम्पोत बसवलं, बँड मागे चढला आणि वरात भरधाव निघून गेली. कमलम्मा पायरीवर घोडीच्या पायाशी बसली, आणि फौजदाराला पोटाशी धरून पोटभर रडली.