उजव्या बाजूचा डबा

सासऱ्याने अट घातली ती गिऱ्हाईकासमोर. सुनेला नाही म्हणायला तोंड उरू नये म्हणून.

"ही जीप शनिवारी संध्याकाळी खाणीचा चढ चढली तर गॅरेज तुझ्या नावावर. नाही चढली तर पाने पुसून ठेवायचे आणि गुमान चुलीपुढे बसायचं. गॅरेज माझ्या पुतण्याला."

गिऱ्हाईक दगडखाणीचा मालक. सगळे त्याला खाणवालाच म्हणत. रविवारच्या चढाईच्या शर्यतीसाठी त्याला जुन्या जीपमध्ये ट्रकचं डिझेल इंजिन हवं होतं.

"वहिनी, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक टाका. माझ्या मित्राने टाकलाय."

"उतारावर ब्रेक जाळत येतो, तोच ना तुमचा मित्र?"

खाणवाला हसला. सासरा हसला नाही. दोन वर्षांपूर्वी काविळीने त्याचा मुलगा गेला आणि गॅरेज सुनेच्या अंगावर पडलं. तेव्हापासून म्हातारा दारात खुर्ची टाकून बसायचा आणि तिच्या प्रत्येक बोल्टवर थुंकायचा. "बाईने आवळलेला नट आणि बाईने राखलेलं गुपित, दोन्ही सुटायचंच," हा त्याचा ठरलेला विनोद.

सून कामाला लागली. नवीन इंजिनाची ताकद जुन्याच्या दुप्पट. जीपच्या मूळ गिअरबॉक्सचे दात पहिल्याच दगडावर घशात गेले असते. पाच गिअरचा बॉक्स लांबुळका. एवढ्याशा जीपमध्ये त्याच्यामागे चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टला वीतभर जागा उरते, मग जॉइंट मान मोडल्यासारखा वाकून फिरतो आणि तुटतो. तिने चार गिअरचा आखूड, जड बॉक्स धरला. पहिला गिअर इतका हळू की गाडी चढाला चिकटून वर जावी. नवऱ्याच्या जीपला तोच होता.

त्याच्यामागे ट्रान्स्फर केस. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारा लोखंडी डबा. त्यातून पुढचा शाफ्ट कधी डावीकडून निघतो, कधी उजवीकडून. पुढची दोन चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलवर शाफ्ट जिथे येऊन मिळतो तो फुगीर गोळा ज्या बाजूला, त्याच बाजूचा डबा लागतो. चुकलात तर शाफ्ट इंजिनाच्या पोटातून आरपार न्यावा लागेल.

अ‍ॅक्सल सासऱ्याने स्वतः सोडवून शेजारच्या गावी लेथवाल्याकडे पाठवला होता.

"मामंजी, गोळा कुठल्या बाजूला होता?"

"डावीकडे."

"नक्की?"

"चाळीस वर्षं जीपखाली उताणा पडलोय मी. तू काल आलीस. डावं-उजवं शिकवतेस मला?"

डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोल्ट लावायचा नाही, असं नवरा सांगायचा. ती तसंच करायची. पण माणूस बायकोशी खोटं बोलेल, देवाशी बोलेल. मिस्त्री लोखंडाबद्दल खोटं बोलत नाही, अशी तिची समजूत होती. भंगार बाजारात दोनच डबे होते. तिने डाव्या बाजूचा घेतला. उजव्या बाजूचा तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने नेला.

शुक्रवारी सकाळी अ‍ॅक्सल आला. गोळा उजवीकडे.

म्हाताऱ्याने खुर्ची जवळ ओढली, नीट दिसावं म्हणून. "अरेच्चा! डावीकडे म्हणालो होतो का मी? वय झालं गं आता." आणि हसला, कवळी खटखट वाजेस्तोवर. "पुतण्याला फोन लावू की तू लावतेस?"

तिने सहा दुकानांना फोन लावले. सगळीकडे नन्नाचा पाढा. मग तिची नजर मागच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीवर गेली.

ताडपत्रीखाली नवऱ्याची जीप होती. म्हातारा दर रविवारी सकाळी ती चालू करायचा, हातभर पुढे घ्यायचा, हातभर मागे. "पोराचा आवाज ऐकतो," म्हणायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिने एकदा बॉनेटवर तळवा ठेवला, तर त्याने पाना फेकून मारला होता. नडगीवर खूण अजून आहे.

दुपारी म्हातारा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. तिथे तीन तास नंबर लागत नाही. तिने ताडपत्री ओढली आणि जीपखाली सरकली. प्रत्येक बोल्टवर नवऱ्याने आवळल्याची खूण म्हणून पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होता. ती रडली नाही. तिने ठिपके मोडले. डबा उजव्या बाजूचा, तिच्या गिअरबॉक्सला बोल्टला बोल्ट बसला. म्हातारा परतायच्या आत तिने ताडपत्री पुन्हा घातली, चारी कोपरे सरळ करून.

शनिवारी संध्याकाळी जीप खाणीचा चढ अशी चढली की खाणवाल्याने वरून शिट्टी मारली. त्याच्यासमोरच म्हाताऱ्याला गॅरेजच्या कागदावर सही करावी लागली. बोलून बसला होता. थुंकलेलं परत गिळता येईना.

"डबा कुठून आणलास?"

"मिळाला. जुना आहे, पण कुणीतरी जीव लावून सांभाळलेला."

रविवारी सकाळी म्हाताऱ्याने ताडपत्री काढली. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. त्याने गिअर टाकला, क्लच सोडला. जीप जागची हलली नाही. दुसरा गिअर टाकला. मागचा टाकला. इंजिन घुमत राहिलं, चाकं थंड.

"सूनबाई, ही हलत का नाही गं?"

ती कामाच्या टेबलाशी चहा पीत होती. उठली नाही.

म्हातारा उतरला. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग गाल फरशीला लावला. जीपच्या पोटात भगदाड होतं. खाली तेलाचे चार थेंब. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मुलगा गेला तेव्हाही निघाला नव्हता.

"कुठल्या बाजूला होता मामंजी?" तिने विचारलं. "नीट बघून सांगा. डावीकडे की उजवीकडे?"

तो तसाच पडून राहिला, हात त्या भगदाडात घालून, काहीतरी चाचपत. वर इंजिन चालूच होतं.

तिने कप विसळला, पालथा घातला.

"आणि ते बंद करा," ती म्हणाली. "डिझेल माझं जळतंय."