दोनदा वाजलेली पिकदाणी

मित्रांनो, मी एक जुनी पिकदाणी आहे. बघा, लगेच नाक मुरडलेत. मुरडा, मला त्याची सवय आहे. जन्मभर लोक माझ्याकडे तोंड करून आले आणि काम झाले की तोंड फिरवून गेले. पण मी काही रस्त्याच्या कडेची, कोणीही यावे आणि पचकन थुंकावे अशी पिकदाणी नव्हे. मी चहा चाखण्याच्या खोलीतली. माझ्या पोटात जे पडले ते आधी जाणत्या जिभांवर खेळून आलेले असे.

पितळकाम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. त्याने मला कमरेएवढी उंच केली. वर रुंद तोंड, मध्ये बारीक गळा, खाली मोठे पोट आणि पोटाखाली तीन चाके. त्यातले एक चाक त्याने जरा तिरपे बसवले, म्हणून मी चालताना कुरकुरते. गळा मात्र असा झाला की वरून घोट पडला की आत आवाज घुमे आणि खोलीभर ऐकू जाई. त्याला ती आपली चूक वाटली असेल. पुढे त्या आवाजावर एक संसार चालणार होता, हे त्याला कुठून माहीत असणार?

मला एका चहाच्या पेढीने विकत घेतले. तिथे चहाला वास चढवत. काळ्या चहात संत्र्याच्या सालीचे तेल, लिंबू, आले, दालचिनी. हिरव्या चहात पुदिना, नाहीतर मोगरा. मोगऱ्याची ताजी फुले आणि चहाचे पान थरावर थर पसरून ठेवत आणि फुलांचा वास पानात उतरला की फुले चाळून फेकून देत. सगळा तयार माल विक्रीला जाण्याआधी वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत येई. खोलीत मोठी खिडकी, लांबलचक दगडी टेबल आणि पांढऱ्या कपांची रांग होती. अत्तर लावून किंवा कांदा खाऊन कोणी आत यायचे नाही. आणि चाखणी संपेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही, कारण एकाचे मत कानावर पडले की दुसऱ्याची जीभ बिघडते.

प्रत्येक कपात तोलून पान घालत, वर उकळते पाणी, वर झाकण. वाळूचे घड्याळ रिकामे झाले की चहा वाडग्यात ओतत. मग चमच्याने घोट घेऊन तो सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, नाकापर्यंत वास चढू द्यायचा आणि माझ्यात थुंकायचा. गिळायचा नाही. घरी मुलांनी असा आवाज केला तर पाठीत धपाटा बसतो, इथे त्याचा पगार मिळे.

चाखणारे दोघे होते, नवरा आणि बायको. नवऱ्याला सगळे नाकसाहेब म्हणत आणि बायकोला वहिनी. नाकसाहेब पुढे, वहिनी एक कप मागे आणि मी दोघांच्या मध्ये. मला पायाने पुढे सरकवायचे काम वहिनींचे. रांग संपली की दोघे टेबलाच्या टोकाला बसून अभिप्राय लिहीत. ते पेढीच्या पत्रकात छापून दुकानदारांकडे जात. नाकसाहेबांची भाषा मोठी गमतीची. एका चहाबद्दल त्यांनी लिहिले होते, "लिंबाने पाय पसरलेत, चहाला बसायला जागा नाही." दुसऱ्याबद्दल, "आले झकास, पण दार न वाजवता आत येते." वहिनी वाचून हसत आणि शेवटी म्हणत, "अहो, पान जळकं आहे हेही लिहा की." मग ते लिहीत. खाली सही मात्र एकट्या नाकसाहेबांची असे. दुकानदार ती सही बघून माल उचलत. पेढीचे मालक तर उघड म्हणत की मी साहेबांच्या नाकाला पगार देतो, वहिनी त्यावर वरकड आल्या. वहिनी तेव्हाही हसत. मला मात्र राग येई.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. संध्याकाळी कप धुणारी मावशी येई, मला घासूनपुसून उन्हाच्या कवडशात उभी करी आणि स्वतःचे तोंड माझ्या पोटात बघून केस सारखे करी. तिच्या कामावर मी खूश होते आणि माझ्या चकाकीवर ती.

मग एका हिवाळ्यात नाकसाहेब तापाने आजारी पडले. ताप उतरला, ते कामावर आले आणि दालचिनीच्या चहापाशी घोट तोंडात धरून उभेच राहिले. कितीतरी वेळ त्यांनी तो फिरवला. मग माझ्यात सोडला. त्या घोटाला जोर नव्हता.

त्या संध्याकाळी मावशी गेल्यावर दोघे खोलीत थांबले. नाकसाहेबांनी सगळी पुडकी उघडून हुंगली. वहिनी बघत होत्या.

"वास मेलाय," ते म्हणाले. "कडू कळतं, तुरट कळतं. पुदिना गार लागतो, आलं झोंबतं. बाकी सगळं गरम पाणी."

"येईल परत. थोडे दिवस जाऊ देत."

"आणि नाही आला तर? हे काम गेलं की पेढीने राहायला दिलेल्या मागच्या खोल्याही सोडाव्या लागतील. मला दुसरं काही येत नाही गं."

वहिनींनी मालकांना खरे सांगून टाकू असे सुचवले. नाकसाहेबांनी मान हलवली आणि ते रडू लागले. इतका मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. वहिनींनी त्यांना रडू दिले. मग टेबलावरचा गार चहा तोंडात घेतला आणि एका दमात माझ्यात थुंकला. माझा गळा एकदा वाजला. "हे म्हणजे वास चोख," त्या म्हणाल्या. दुसरा घोट त्यांनी दोन तुकड्यांत थुंकला. "आणि हे म्हणजे बिघडलेला."

त्या दिवसापासून रांगेत वहिनी एक कप पुढे आल्या. आता वहिनी पुढे, साहेब मागे. माल बघायला मालक येऊन बसत, पण त्यांना काही कळले नाही. खोलीत बोलायला बंदी होती, थुंकायला नव्हती. एकदा वाजले की नाकसाहेब जुन्या आठवणीतला मोगरा काढून चार ओळी लिहीत. दोनदा वाजले की माल परत पाठवत. गंमत म्हणजे त्यांचे अभिप्राय आधीपेक्षा सरस उतरू लागले. मालकांनी त्यांची पाठ थोपटली, पगार वाढवला. वहिनी तेव्हा कप विसळत होत्या.

असेच वर्ष गेले, पुढचेही अर्धे सरले. मग वहिनी घोट फिरवताना एका गालाने फिरवू लागल्या. कोणी विचारले तर म्हणत, उष्णतेने तोंड आले आहे. तोंड आले ते परत काही जाईना. आणि एके दिवशी त्यांच्या घोटाबरोबर माझ्यात एक तांबडा धागा उतरला.

काळा चहा असला की तो दिसत नसे. माझ्या पोटातला काळा चहा सगळेच पोटात घेई. हिरवा चहा मात्र पाण्यासारखा नितळ, त्यात रक्त लपत नाही. पण चाखणीत हिरवा आधी आणि काळा नंतर अशी रीत होती. आधीचे नंतरच्याने झाकले जाई. तरीही वहिनींना धीर धरवेना. त्या मावशीला म्हणू लागल्या, "राहू दे, पिकदाणी मी धुते."

मावशी दुखावली. इतकी वर्षे आपण घासले, आता त्यात काय खोट निघाली, असे तिने विचारले. वहिनी मला मोरीकडे ढकलत निघाल्या. मावशीने बरेच दिवस अबोला धरला. वहिनी एकट्याच मला धूत, खूप पाणी ओतून, आणि मध्येच थांबून काठाला धरून उभ्या राहत. डॉक्टरकडे गेले आणि त्याने गरम चहा बंद सांगितला तर रांगेत कोण उभे राहणार, हा त्यांना घोर होता. एवढा हंगाम पार पडू दे, असे त्या स्वतःशीच पुटपुटत. मी सगळे पाहत होते. नाकसाहेब माझ्यापेक्षा जवळ उभे होते, पण त्यांचे सगळे लक्ष कानात होते.

आणि तो दिवस आला. मालकांनी त्या वर्षी आपली सगळी पुंजी मोगऱ्याच्या हिरव्या चहात घातली होती. बाहेरून एक मोठा व्यापारी आला होता, तो खुर्ची टाकून बसला. टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवाच चहा. काळ्याचा एकही कप नव्हता. खोली अशी घमघमत होती की दारात टॉवेल घेऊन उभी राहिलेली मावशीसुद्धा डोळे मिटून श्वास घेत होती.

वहिनींनी पहिला घोट घेतला. त्यांचा चेहरा पिळवटला. तोंडात धरवेना म्हणून अर्धा घोट तसाच सुटला, उरलेला मागून आला. माझा गळा दोनदा वाजला. दुसऱ्या कपालाही तेच. त्या तोंड दाबून थांबल्या, पुढच्या कपाला त्यांनी फार प्रयत्न केला, पण मी दोनदाच वाजले. माझे पितळेचे शरीर, मला आवाज गिळता येत नाही. रांग संपेपर्यंत मी दोनदा, दोनदा, दोनदा वाजत राहिले. नाकसाहेबांचा चेहरा कपागणिक कठोर होत गेला.

ते टेबलाच्या टोकाशी गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "सगळा माल गेलेला आहे. मोगरा शिळा आहे. खालून कुबट वास मारतोय."

मालकांच्या पायाखालची वाळू सरकली. व्यापाऱ्याने एक वाडगा उचलून हुंगला, पुन्हा हुंगला आणि नाकसाहेबांकडे विचित्र नजरेने पाहू लागला. मालकांनी वहिनींना विचारले.

वहिनींनी पदराने ओठ टिपले. "माल चांगला आहे," त्या हळूच म्हणाल्या. "इतका चांगला मोगरा बऱ्याच वर्षांत आला नव्हता."

नाकसाहेब गर्रकन वळले. समोर मालक आहेत, व्यापारी आहे, याचे त्यांना भान राहिले नाही.

"मग तू दोनदा का थुंकलीस?"

मित्रांनो, त्या एका प्रश्नात दोघांचे सगळे गुपित बाहेर पडले.  वहिनींनी नुसते माझ्याकडे पाहिले. मग नाकसाहेब आले, माझे दोन्ही काठ धरून वाकले आणि त्यांनी प्रथमच माझ्या आत पाहिले. हिरव्या चहावर तांबडे तरंगत होते. ते तसेच वाकून राहिले. शेवटी मावशीने येऊन त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने वहिनींना खुर्चीवर बसवले.

मालकांनी आरडाओरडा केला नाही. माल विकला गेला, पण इतके दिवस आपल्याला फसवले हे त्यांच्या मनातून जाईना. महिना भरल्यावर त्यांनी दोघांना निरोप दिला. डॉक्टरांनी तोंडात विजेरी धरून पाहिले आणि म्हणाले की फार उशीर केलात. निघताना काय हवे असे मालकांनी विचारले, तेव्हा नाकसाहेबांनी मला मागून घेतले.

गल्लीतल्या एका लहान खोलीत मी वहिनींच्या खाटेशी उभी राहिले. काम तेच होते, चहा तेवढा नव्हता. दुखणे वाढले, गाल आतून नासत गेला आणि खोलीत असा वास भरला की भेटायला येणारे दारातूनच परतत. बहीण आली तीही तोंडाला फडके धरून, आणि लवकर उठली. एकटे नाकसाहेब त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसत, जखम पुसत, कापूस बदलत, केस विंचरत.

"माझं नाक गेलं ते याच्यासाठीच असेल," ते एकदा म्हणाले. वहिनींना हसवेना, पण त्यांनी डोळ्यांनी हसून दाखवले.

शेवटी शेवटी वहिनींचे बोलणेही बंद झाले. एका सकाळी त्यांनी फडताळातल्या पुडीकडे बोट दाखवले. पेढीतला तोच मोगऱ्याचा हिरवा चहा होता, मावशीने आणून दिलेला. नाकसाहेबांनी तो पद्धतशीर केला, तोलून पान, झाकण, सगळे. पार गार होऊ दिला. मग चमचाभर वहिनींच्या ओठाशी धरला.

"सांग, कसा उतरलाय?"

वहिनींनी घोट तोंडात घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हात खाटेच्या काठावर आवळला गेला, पण ओठ त्यांनी सुटू दिले नाहीत. वास नाकापर्यंत चढेस्तोवर त्यांनी तो धरला. मग माझ्यावर वाकल्या आणि थुंकल्या.

मी एकदाच वाजले.

"कळलं," नाकसाहेब म्हणाले. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि वहिनींचे ओठ पुसले. त्यानंतर वहिनींनी चहा मागितला नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता मी दाराशी असते. माझ्यात छत्री आणि एक काठी उभी आहे. पितळ काळवंडले आहे, तिरपे चाक निघून पडले, त्यामुळे कुरकुरही थांबली. नाकसाहेब फारसे कोणाशी बोलत नाहीत. मावशी अधूनमधून भाजी घेऊन येते. परवा ती घास चावताना एका बाजूने चावत होती. नाकसाहेबांनी हातातले ताट खाली ठेवले आणि तिला खिडकीपाशी उजेडात नेले.

"आ करा बघू."

"अहो, दाढ दुखतेय नुसती. म्हातारीच्या तोंडात काय बघता?"

"आ करा, मावशी."

तिने आ केला. ते बराच वेळ बघत राहिले. दाढच होती, किडलेली. तरी त्याच दुपारी ते तिला दवाखान्यात घेऊन गेले.

मित्रांनो, मला घासू नका, चकचकीत करू नका, छत्री ठेवायला माझी काही हरकत नाही. एवढेच करा. ज्याच्या आधारावर तुमचे रोजचे चालले आहे, तो शेजारी उभा असतो. त्याचा नुसता आवाज ऐकू नका. वेळ आहे तोवर त्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.