काचघराचा मधला खांब

काचघर बोलतोय मी. पोलंडमधल्या लुब्लिन शहराच्या कडेला कामगारांना दिलेल्या छोट्या छोट्या बागांची एक वसाहत आहे, तिथल्या सतरा नंबरच्या बागेतला. माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तक्रार नको.

मला सेवेरिननं बांधलं. ट्रॉलीबसच्या आगारात तो मिस्त्री होता. त्या वर्षी त्याच्या चाळीतल्या लोकांना प्लास्टिकच्या खिडक्यांचं वेड लागलं. ज्या लाकडी खिडक्यांतून त्यांनी अर्धा जन्म बाहेर पाहिलं, त्या त्यांनी एका आठवड्यात उकिरड्यावर टाकल्या. आणि हीच माणसं नंतर घरात ओल येते म्हणून कुरकुरत बसली. सेवेरिननं त्यातल्या बावीस खिडक्या सायकलवर बांधून आणल्या आणि त्यांचा मी झालो.

माझ्या आयुष्यात मान द्यावा असा हा एकच माणूस. ऑक्टोबर लागला की तो न बोलता कामाला लागे. पाण्याचं पिंप रिकामं करून पालथं घाली. नळातला शेवटचा थेंब काढून त्याला गोणपाट गुंडाळी. सफरचंदाच्या बुंध्यांना चुना लावी. शेवटी माझ्या आढ्याखाली तीन खांब उभे करी: कडेला दोन साधे, मधला ओकचा. बर्फाचं ओझं काय असतं ते त्याला ठाऊक होतं.

त्याची बायको लेओकादिया बाकावर बसून रासबेरीचं सरबत घातलेला चहा पीत असे आणि टोमणे मारत असे. तिला मी कधी मोजलंच नाही.

एका वसंतात सेवेरिन गेला. बियाणं पेरायच्या आधीच.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, लेओकादियानं त्याच्या थडग्यावर दिवे लावले आणि स्मशानातल्याच काळ्या कोटात ती तडक बागेत आली. कुंपणावर शेजारचा बोनिफात्सी रेललेला होता. हा वसाहतीचा अध्यक्ष. म्हणजे तोंडानं बागकाम करणारा माणूस. त्याच्या बागेत एका उतरत्या छपराखाली मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या, आणि त्या छपराचे वासे गेली चार वर्षं किडत होते.

"लेओकादियाबाई, हे काचेचं भंगार पाडून टाका. याला हा हिवाळा झेपायचा नाही."

"पाडायला सेवेरिनला हाक मारू का?"

"थट्टा नको. कुणाच्या डोक्यावर पडलं तर? मी समितीपुढे ठेवीन. बाग दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

"ठेवा की, अध्यक्षमहाराज. पण आधी कुंपणावरचं पोट काढा, मला गुलाब झाकायचेत."

आणि बाई कामाला लागली. काय ते काम! बुंध्यांपेक्षा कोटालाच जास्त चुना. गुलाबांवर फर झाडाच्या फांद्या घातल्या त्या वाऱ्यानं उडाल्या, परत घातल्या, परत उडाल्या. नळ विसरली आणि बसथांब्यावरून धापा टाकत माघारी आली. खांबांना तिनं तीन दिवस घेतले. मधला तर इतका तिरका बसवला की मला स्वतःचीच लाज वाटली. 'या बाईच्या हातून मरण यायचं होतं!' मी मनात म्हणालो.

डिसेंबरात दोन दिवस ओलं, जड बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं ती झाडू घेऊन आली. गुडघाभर बर्फ तुडवत माझ्यापाशी पोचली. मी उभा होतो. तिरक्या खांबावर, पण उभा.

"बघ सेवेरिन," ती म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात पलीकडे कडकड वाजलं. माश्यांच्या पेट्यांवरचं छप्पर खचत होतं. अध्यक्षांनी थंडीच्या तयारीवर दोन सभा घेतल्या होत्या, पण स्वतःच्या वाशांना हात लावला नव्हता. आता खांद्यावर तुळई पेलून लालबुंद तोंडानं ते ओरडत होते, "बाई! टेकवायला काहीतरी द्या! लवकर!"

"समितीला बोलवा ना," ती म्हणाली. पण पाय माझ्याकडेच वळले होते.

तिनं आत येऊन ओकच्या खांबाला मिठी घातली. वर माझ्या काचांकडे पाहिलं. त्यांतली एकेक सेवेरिनच्या हातची होती, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"काचा परत मिळतात," ती पुटपुटली. "जिता जीव नाही मिळत."

आणि तिनं खांब ओढला. कुणासाठी? त्या बोलघेवड्यासाठी! मी संतापानं करकरलो. तिनं ऐकलं, क्षणभर थबकली आणि निघून गेली.

छप्पर वाचलं. दुपारी पाऊस आला, माझ्यावरचं बर्फ पाणी पिऊन दुप्पट जड झालं आणि माझं आढं मोडलं. चौदा खिडक्या गेल्या. लेओकादिया बाकावर बसून बघत होती. रडली नाही. झाडू मांडीवर घेऊन बसची वेळ होईपर्यंत तशीच बसली. कुंपणापाशी बोनिफात्सी टोपी हातात धरून उभा होता. त्याचं तोंड बंद असलेलं मी प्रथमच पाहिलं.

मार्चमध्ये तो हातगाडी ढकलत आला. गाडीत त्याच्या बागेतल्या खोलीच्या खिडक्या होत्या, लाल-हिरव्या काचांच्या, ज्यांना तो पाहुण्यांना बोटही लावू देत नसे.

"आणि समितीचं काय?" तिनं विचारलं.

"कसली समिती? खिळे द्या."

तर आता मी असा आहे. आठ खिडक्या सेवेरिनच्या, बाकी जत्रेतल्या पाळण्यासारख्या. मिरच्यांवर लाल ऊन पडतं, काकड्यांवर हिरवं. शोभा आहे नुसती. आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. बोनिफात्सी शिडीवर चढून नवा खांब ठोकतोय, ती खाली शिडी धरून उभी आहे.

"तिरका जातोय," ती म्हणते.

"तुमचा काय सरळ होता?"

"माझा टिकला होता."

खांब तो काढतो आणि पुन्हा ठोकतो. पुन्हा तिरकाच.

सेवेरिनच्या हाताची सर या दोघांनाही नाही, आणि हे मी माझी शेवटची काच फुटेपर्यंत म्हणणार. पण माझी एक विनंती आहे. यांच्यातलं कुणी उद्या आजारी पडलं, रुसलं, मुलाकडे राहायला गेलं, तर दुसऱ्याला एकट्याला इकडे पाठवू नका. कामात दोघंही सारखीच गचाळ आहेत. पण शिडी धरायला माणूस लागतं.